च्यूह्वा : चिनी वैद्यकातील एका पुष्पपेयाचा इतिहास आणि भाषांतराचा प्रश्न

चिनी परंपरेत 'फुलांचा चहा' ही संज्ञा दोन भिन्न पेयांना लावली जाते. मोगऱ्याच्या ताज्या कळ्यांचा गंध चहाच्या पानांत मुरवून केलेला चहा हा पहिला प्रकार होय. दुसऱ्यात वाळवलेली फुले उकळत्या पाण्यात भिजवून घेतात आणि त्यात चहाचे पान मुळीच नसते. वैद्यकाच्या इतिहासात हा दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे च्यूह्वा, अर्थात शेवंतीच्या एका जातीचे पेय. त्याचे गुण आज प्राचीन ज्ञान म्हणून एकत्रच सांगितले जातात. ग्रंथांचा कालक्रम लावून पाहिल्यास मात्र ते वेगवेगळ्या वाङ्मयप्रकारांतून क्रमाक्रमाने साचत गेल्याचे दिसते.

च्यु युआन या इ. स. पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातील कवीच्या 'ली साओ'मध्ये शरदातील शेवंतीच्या पाकळ्या खाण्याचा उल्लेख येतो. तेथे त्याचा संबंध आरोग्याशी नसून चारित्र्याच्या निर्मळपणाशी आहे. हान काळाच्या सुमारास संकलित झालेल्या 'शेन्नोंग बेन्त्साओ चिंग' या औषधिग्रंथाने 365 द्रव्यांची तीन श्रेणींत विभागणी केली आणि शेवंतीला वरच्या श्रेणीत स्थान दिले. मूळ ग्रंथ लुप्त असून त्याचा पाठ उत्तरकालीन संकलनांवरून सिद्ध केलेला आहे. त्यात दोन प्रकारची विधाने शेजारी-शेजारी आढळतात. भोवळ आणि डोळ्यांतून पाणी येणे यांवरील उपाय हे पहिल्या प्रकारचे विधान; दीर्घ सेवनाने शरीर हलके होते व आयुष्य वाढते, हे दुसऱ्या प्रकारचे. दुसऱ्या विधानामागे रोगचिकित्सा नसून चिरंजीवित्वाची आकांक्षा आहे.

ही आकांक्षा साहित्याने पुढे नेली. त्साओ फी (187–226) याने नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी येणाऱ्या सणानिमित्त चोंग याओला शेवंतीची फुले पाठविताना लिहिलेल्या पत्रात च्यु युआनचे स्मरण आणि दीर्घायुष्याची कामना या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. 427 मध्ये निवर्तलेल्या थाओ युआनमिंगच्या काव्यात शेवंती मद्याच्या सोबतीने वावरते. आठव्या शतकातील भिक्षुकवी च्याओरान याने मात्र 'छा चिंग' या चहाविषयक ग्रंथाचा कर्ता लू यू याच्यासमवेत त्याच सणाच्या दिवशी चहा घेतला आणि शेवंती मद्यात घालणाऱ्या सामान्य जनांहून आपली रसिकता वेगळी असल्याचे सुचविले. फुलाचे मद्याशी असलेले नाते सैल होऊन ते चहाशी जुळू लागल्याचे हे एक लक्षणीय साक्ष्य होय.

वैद्यांपुढील प्रश्न निराळा होता : शेवंती नेमकी कोणती? थाओ होंगचिंग (456–536) याने जांभळट देठाची, सुगंधी व गोड चवीची वनस्पती खरी मानली. हिरव्या देठाची व कडू असलेली त्याने वगळली. पुढे वू च्यूथोंग याने 1798 मध्ये सिद्ध केलेल्या 'वनबिंग थ्याओब्यान' या ग्रंथात सौम्य ज्वर व खोकल्याच्या आरंभी द्यावयाचे 'सांगच्यू यिन' हे तुतीची पाने आणि शेवंती यांसह आठ द्रव्यांचे पेय सांगितले. चीनच्या आधुनिक औषधकोशात शेवंतीची मात्रा 5 ते 10 ग्रॅम असून वायुजन्य उष्णतेचे निवारण, यकृताचे शमन आणि दृष्टीची निर्मलता ही तिची कार्ये नोंदविली आहेत. चिरंजीवित्वाचे विधान तेथे उरलेले नाही.

भाषांतराची खरी अडचण येथेच उद्भवते. 'फेंग' म्हणजे वारा. भारतीय वाचकास त्यासाठी 'वात' हा शब्द सहज सुचतो. परंतु चरकसंहितेतील 'वातकलाकलीय' अध्यायात प्रकृतिस्थ वायू हा शरीराचा धारकही आहे. चिनी वैद्यकातील फेंग हा प्रामुख्याने बाहेरून येणारा रोगहेतू आहे. शरीरांतर्गत फेंग मानला गेला असला, तरी तोही विकृतिरूपच असतो. त्याचप्रमाणे 'कान' या संज्ञेला 'यकृत' हा प्रतिशब्द दिला, तरी तिच्या कक्षेत डोळे, स्नायुबंध आणि क्रोध हेही येतात. त्यामुळे 'शेवंतीचा चहा यकृतास हितकर' हे वाक्य शब्दशः बरोबर आणि अर्थतः दिशाभूल करणारे ठरते. 'छा' हा शब्दही असाच व्यापक आहे. क्वांगतुंग, हाँगकाँग व मकाव येथील ज्या 'ल्यांगछा'चा 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशात समावेश झाला, तो वस्तुतः वनस्पतींचा काढा असून त्यातील 'पाच फुलांच्या' प्रकारात शेवंतीसोबत काटेसावर व पांढरा चाफा हीही फुले पडतात.

प्रयोगशाळांनी शेवंतीतील क्लोरोजेनिक आम्ल व ल्युटिओलिनची संयुगे ओळखली आहेत. तथापि माणसांवरील चाचण्यांचा आधार मर्यादित आहे आणि या कुळातील वनस्पतींची अॅलर्जी असणाऱ्यांना हे पेय अपायकारक ठरू शकते. संयुगांच्या या शोधाने 'ली साओ'तील पाकळ्यांचा अर्थ उलगडत नाही, तसेच काव्यातील दीर्घायुष्याची कामना हा औषधाचा पुरावाही होऊ शकत नाही. तौलनिक अभ्यासकाने कवीचे, वैद्याचे आणि रसायनशास्त्रज्ञाचे विधान ज्याच्या त्याच्या संहितेत ठेवून वाचावे. तसे वाचल्यावरच या साध्या पेयामागील दोन सहस्रकांची संकल्पनांची घडण दृष्टीस पडते.