एकोणसाठचे एकोणसत्तर

एकोणसाठ लिही म्हटलं की दुसरीतली काही मुलं ६९ लिहितात. ‘साठ’ ऐकू आलं म्हणून सहा, ‘एकोण’ म्हणजे नऊ. तर्क सरळ आहे. पंचवीसचे ५२ करणाऱ्याची अडचण वेगळी: त्याला पाच आधी ऐकू आले, त्याने ते आधी लिहिले. दोघांच्या वहीत फुली मात्र एकाच रंगाची.

यंत्राने शिकवण्याचा इतिहास मला या फुलीचाच इतिहास वाटतो. १९५४ मध्ये अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी शिकवणारं यंत्र दाखवलं. त्यावर मूल आपल्या वेगाने पुढे जाई, पण वाट सगळ्यांना एकच. त्याच दशकात नॉर्मन क्राउडर यांनी वाटेला फाटे ठेवले. तुम्ही जे चुकीचं उत्तर निवडाल, त्याच चुकीचं कारण सांगणारं पान पुढे येई. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ सुरू झालं आणि धडे संगणकावर आले. आजचं अ‍ॅप ‘खास तुमच्यासाठी’ म्हणतं, त्यामागे जुनी कल्पना हीच.

भारतात १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. बारामतीत विद्या प्रतिष्ठानने पुढे संगणक चक्क बसमध्ये बसवून खेड्यांतल्या शाळांकडे नेले. यंत्र दारात आलं. पण फाटे कुठे ठेवायचे? ‘फिफ्टी-नाइन’मध्ये साठ कुठे ऐकूच येत नाही, इंग्रजीवर बेतलेल्या धड्याला आपली ही चूक दिसणार कशी?

ती दिसली होती मंगला नारळीकरांना. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ आलं आणि आपण मीम करत बसलो. (काही मीम भारी होते, ते सोडा.) मूल नेमकं कुठे अडतं, याचा इतका बारीक विचार एखाद्या अ‍ॅपने केला असता तर आपण त्याला फाइव्ह स्टार दिले असते.

सगळ्यात जास्त फाटे लागतील ते ऊसतोड मजुरांच्या मुलांना. हंगामात बीडकडची कुटुंबं बारामतीत माळेगावला, इंदापुरात भवानीनगरला उतरतात. मुलांची शाळा मध्येच सुटते. परततात तेव्हा वर्ग कितीतरी धडे पुढे गेलेला असतो. त्यांना बारावा धडा उघडून देण्याआधी ‘तू कुठवर आलीस?’ हे विचारायला हवं. विचारणारं अ‍ॅप आता फोनवर मिळतं. कोपीवर फोन बहुधा एकच, आणि तो दिवसभर बापाच्या खिशात, फडात.