सोमवारची झुंज आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचा अस्त

अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती ही निकाल आधीच ठरलेली कुस्ती आहे. कोण जिंकणार, कोण पडणार, कोण कोणाला दगा देणार हे पडद्यामागे ठरते. ठरलेली गोष्ट प्रेक्षकाला खरी वाटायला लावणे, त्यासाठी अंगावर मार घेणे, हे पैलवानाचे कसब. महाराष्ट्राच्या आखाड्यात अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणून हिणवतात; तिकडे तोच उघड धंदा आहे. त्यामुळे या धंद्यातल्या दोन कंपन्यांमधली खरी लढत रिंगणात होत नाही. ती होते टीव्हीवरची वेळ, नावाजलेले पैलवान आणि प्रेक्षक यांच्यासाठी. 1995 ते 2001 या काळात वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन (डब्ल्यूडब्ल्यूएफ) आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग (डब्ल्यूसीडब्ल्यू) यांच्यात दर सोमवारी रात्री जी झुंज चालली, ती या धंद्यातली सर्वांत मोठी. तिच्यात डब्ल्यूसीडब्ल्यू आधी जिंकली आणि मग नाहीशी झाली.

या वैराचे मूळ बरेच मागे जाते. 1948 मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू इथे काही आयोजकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स ही संघटना स्थापन केली आणि देशाची आपसांत वाटणी करून घेतली. ज्याचा त्याचा मुलूख ठरलेला. दुसऱ्याच्या हद्दीत खेळ लावायचे नाहीत. सगळ्यांचे पोट भरेल अशी ही सोय होती आणि स्थानिक टीव्ही केंद्रांच्या काळात ती चाललीही. केबल आणि उपग्रह आले तसा या हद्दींना अर्थ उरला नाही. ईशान्येकडची कंपनी, म्हणजेच डब्ल्यूडब्ल्यूएफ, विन्स मॅकमन यांनी 1982 मध्ये वडिलांकडून विकत घेतली आणि वडिलांच्या पिढीचे संकेत सरळ मोडीत काढले. इतरांचे पैलवान आणि इतरांच्या टीव्हीवरच्या वेळा त्यांनी पैसे टाकून उचलल्या. 1984 च्या जानेवारीत हल्क होगन हा पैलवान त्यांच्या कंपनीचा विजेता झाला आणि 31 मार्च 1985 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया हा त्यांचा महासोहळा पहिल्यांदा झाला.

मॅकमन यांचा एक डाव मात्र फसला. अटलांटाच्या टेड टर्नर यांच्या टीबीएस वाहिनीवर कुस्तीचा जुना, लोकप्रिय कार्यक्रम होता. तो करणाऱ्या जॉर्जियातल्या कंपनीचे समभाग घेऊन मॅकमन यांनी 14 जुलै 1984 रोजी ती वेळ ताब्यात घेतली आणि स्वतःचे खेळ दाखवायला सुरुवात केली. दक्षिणेकडच्या प्रेक्षकांना अधिक कसाची, कमी भपक्याची कुस्ती लागे; तक्रारींचा पाऊस पडला आणि टर्नरही नाराज झाले. अखेर 1985 मध्ये दहा लाख डॉलर घेऊन मॅकमन यांनी ती वेळ शार्लटच्या जिम क्रॉकेट यांना विकली.

क्रॉकेट यांच्याकडे रिक फ्लेअरसारखा मातब्बर पैलवान होता, पण देशभर पसरण्याइतकी पुंजी नव्हती. 1987 च्या थँक्सगिव्हिंगला त्यांचा पैसे भरून पाहण्याचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला, तेव्हा त्याच रात्री मॅकमन यांनी सर्व्हायव्हर सीरिज हा स्वतःचा कार्यक्रम आणला आणि केबल कंपन्यांना बजावले, की क्रॉकेटचा कार्यक्रम दाखवाल तर पुढचा रेसलमेनिया मिळणार नाही. बहुतेकांनी निमूटपणे ऐकले. कर्जात बुडालेल्या क्रॉकेट यांनी 1988 च्या नोव्हेंबरमध्ये कंपनी टर्नर यांना विकली आणि ती डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. टर्नर यांनी ती घेतली ती मुख्यतः आपल्या वाहिनीवरचा हुकमी प्रेक्षक टिकावा म्हणून. पुढच्या बारा वर्षांत जे घडले त्याची गुरुकिल्ली इथेच आहे. टर्नर वगळता त्यांच्या समूहातल्या फारच थोड्या अधिकाऱ्यांना कुस्तीशी आपले नाव जोडले जावे असे वाटे.

पहिली काही वर्षे चाचपडण्यात गेली. जिम हर्ड या प्रमुखांशी बिनसल्यामुळे 1991 मध्ये फ्लेअर विजेतेपदाचा पट्टा घेऊनच प्रतिस्पर्ध्याकडे गेला. घडी बसू लागली ती 1993 मध्ये एरिक बिशॉफ यांच्या हाती सूत्रे आल्यावर. हे एकेकाळी मिनियापोलिसच्या एका मोडकळीला आलेल्या कुस्ती कंपनीतले निवेदक. 1994 मध्ये त्यांनी होगनला आणले, मागोमाग रँडी सॅव्हेज आला. मॅकमनशी टक्कर द्यायची तर काय लागेल, असे टर्नर यांनी विचारल्यावर त्यांनी रात्रीच्या मुख्य वेळेतला तास मागितला आणि तो मिळाला, असे बिशॉफ सांगत आले आहेत. 4 सप्टेंबर 1995 रोजी मिनेसोटातल्या ‘मॉल ऑफ अमेरिका’ या अवाढव्य बाजारसंकुलातून टर्नर यांच्याच टीएनटी वाहिनीवर ‘नायट्रो’ सुरू झाला. मॅकमन यांचा ‘रॉ’ 1993 पासून सोमवारीच लागत होता.

बिशॉफ यांचे डाव साधे पण जिव्हारी लागणारे होते. नायट्रो दर आठवड्याला थेट प्रक्षेपित होई. रॉचे बरेच भाग आधी चित्रित केलेले असत. त्या भागांचे निकाल नायट्रोवर सर्रास फोडले जात. 1996 च्या उन्हाळ्यात तर त्यांच्या हाती घबाड लागले. मॅकमन यांच्याकडून आलेले स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश जणू परक्या कंपनीचे हल्लेखोर म्हणून रिंगणात घुसले आणि 7 जुलैला डेटोना बीच इथे साऱ्या पोरांचा लाडका होगन त्यांना जाऊन मिळाला, खलनायक झाला. ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ नावाच्या या टोळीची गोष्ट लोकांना खरी वाटली, कारण तिच्यात खऱ्या वैराचा अंश होता. नायट्रोने सलग 83 आठवडे रॉला मागे टाकले. मॅकमन इतके अडचणीत आले की आपला आघाडीचा पैलवान ब्रेट हार्टशी केलेला वीस वर्षांचा करार आपल्याला झेपत नाही, असे त्यांनी स्वतः हार्टला सांगितले.

याच यशात दुखणे वाढत होते. मोठ्या पैलवानांचे करार खात्रीच्या रकमेचे होते: गर्दी होवो न होवो, पैसे ठरलेले. होगनच्या करारात तर आपली गोष्ट कशी लिहिली जावी यावर त्याचा अधिकार होता. न्यू वर्ल्ड ऑर्डरच्या, दीड वर्ष ताणून धरलेल्या गोष्टीचा शेवट म्हणून 28 डिसेंबर 1997 रोजी डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायक स्टिंगने होगनला निर्विवाद लोळवायला हवे होते. प्रत्यक्षात घोळ घालून निकाल गढूळ केला गेला. खालच्या फळीत एडी गेरेरो, ख्रिस जेरिको यांच्यासारखे उत्तम तरुण होते. वर जागाच रिकामी होत नव्हती. मॅकमन यांच्याकडे नेमके उलटे घडत होते. जुने तारे गेल्यामुळे स्टीव्ह ऑस्टिन आणि द रॉक यांना पुढे करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये माँट्रियलला हार्टला ठरल्याविरुद्ध, फसवून हरवल्याबद्दल प्रेक्षकांचा जो राग ओढवला, त्यातून मॅकमन यांनी स्वतःचेच खलनायक मालकाचे पात्र उभे केले. मालकाला झोडपणारा कामगार ऑस्टिन लोकांनी डोक्यावर घेतला. 13 एप्रिल 1998 रोजी रॉने पराभवांची ती मालिका मोडली.

डब्ल्यूसीडब्ल्यूकडे अजून एकही लढत न हरलेला गोल्डबर्ग होता. 6 जुलै 1998 रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये त्याने होगनला हरवून पट्टा जिंकला, तोही फुकट दिसणाऱ्या नायट्रोवर. घरोघरी पैसे भरून पाहिली गेली असती अशी ही लढत एका रात्रीच्या रेटिंगसाठी खर्ची पडली. वर्षअखेरीस गोल्डबर्गची अपराजित मालिका संपवून नॅशने पट्टा घेतला आणि 4 जानेवारी 1999 रोजी नॅश होगनच्या एका बोटाच्या स्पर्शाने पाठीवर पडला. पट्टा पुन्हा होगनकडे. त्याच रात्री रॉवर मिक फोली विजेता होणार हे नायट्रोच्या निवेदकाने खिल्ली उडवत फोडले, आणि लाखो प्रेक्षक फोलीचा विजय बघायला ‘रॉ’कडे वळले. कंपनी त्या रात्री बुडाली असे अनेकदा लिहिले जाते. ते फार सोपे उत्तर आहे. एका वाईट रात्रीने कंपनी बुडत नाही. त्या रात्री फक्त दिसले, की तिथे होगन आणि नॅश यांना नाही म्हणणारा कोणी नव्हता.

पुढची दोन वर्षे घसरगुंडीची. 1999 च्या सप्टेंबरमध्ये बिशॉफ यांना दूर केले गेले आणि मग मॅकमन यांचे लेखक विन्स रुसो आणले गेले. 2000 च्या जानेवारीत गेरेरो, ख्रिस बेन्वा, डीन मलेन्को आणि पेरी सॅटर्न एकत्रच सोडून गेले. जेरिको आधीच गेला होता. एप्रिलमध्ये एका चित्रपटाच्या जाहिरातीपायी डेव्हिड आर्केट या नटाला विश्वविजेता केले. सप्टेंबरमध्ये रुसो यांनी पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधला. त्या वर्षीचा तोटा सहा कोटी डॉलरच्या घरात गेला.

तरी तोटा हे बंद पडण्याचे शेवटचे कारण नव्हे. टर्नर यांचा समूह 1996 मध्ये टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाला होता. 2001 च्या जानेवारीत एओएल या इंटरनेट कंपनीशीही विलीनीकरण पूर्ण झाले आणि कुस्तीची पाठराखण करणाऱ्या टर्नर यांच्या हाती सत्ता उरली नाही. बिशॉफ यांनी फ्यूझिएंट या गुंतवणूकदार गटाच्या साथीने कंपनी घ्यायची तयारी केली होती. मार्चमध्ये नवे वाहिनीप्रमुख जेमी केलनर यांनी टीबीएस आणि टीएनटीवरून कुस्ती काढून टाकली. टीव्हीवरची वेळच गेल्यावर घ्यायचे काय, म्हणून फ्यूझिएंटने माघार घेतली. उरलेले नाव, चित्रफितींचा साठा आणि काही पैलवानांचे करार मॅकमन यांना सुमारे 25 लाख डॉलरमध्ये मिळाले. 26 मार्च 2001 रोजी फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीच इथून शेवटचा नायट्रो झाला. त्यातली शेवटची लढत फ्लेअर आणि स्टिंग यांची होती.

मॅकमन यांनी लगेच दोन कंपन्यांच्या युद्धाची गोष्ट रंगवायला घेतली, पण ती फिकी पडली. होगन, नॅश, गोल्डबर्ग, स्टिंग, फ्लेअर यांचे महागडे करार जुन्या मालकाशीच होते आणि घरी बसून पगार घेणे त्यांना परवडत होते. त्यांतले बहुतेक पुढे एकेक करून मॅकमन यांच्याकडे आले. स्टिंग मात्र 2014 पर्यंत आला नाही. टीएनटीवर साप्ताहिक कुस्ती परतायला 2019 चा ऑक्टोबर उजाडला. ती घेऊन आलेली ऑल एलिट रेसलिंग ही नवी कंपनी टोनी खान यांची होती. वाहिनीकडे होते फक्त प्रक्षेपण.