थांबलेला हंगाम

काही दिवसांपूर्वी बडोद्याला जाण्याचा योग आला. मोतीबागेच्या मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि विजय हजारे आठवले. सांगलीत जन्मलेला हा माणूस बडोद्याचाच होऊन गेला. २००४ साली त्यांनी देह ठेवला तोही इथेच. मार्च १९४७ मध्ये याच शहरात, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, होळकर संघाविरुद्ध हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावांची भागी केली होती. तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला!

बडोद्याने रणजी पहिल्यांदा जिंकली ती १९४२-४३ साली. बाहेर महायुद्ध चालू होते, देशात चलेजावचा वणवा पेटलेला होता. तरीही हंगाम झाला. १९३४ साली सुरू झालेली ही स्पर्धा युद्धाने थांबली नाही, फाळणीने थांबली नाही. तिला थांबवले ते करोनाने. २०२०-२१ चा हंगाम झालाच नाही.

हा निर्णय बरोबर होता का? बडोद्यात हा प्रश्न जास्तच टोचतो. कारण जानेवारी २०२१ मध्ये मुश्ताक अली करंडकाच्या एका गटाचे सामने इथेच भरवले होते. बडोद्याचा संघ अंतिम फेरीत गेला आणि ३१ जानेवारीला तामिळनाडूकडून हरला. म्हणजे खेळ होऊ शकत होता. त्याच सुमारास मंडळाने राज्य संघटनांचा कल पाहून रणजी रद्द केली आणि एकदिवसीय स्पर्धा घ्यायचे ठरवले. योगायोग पाहा, ती स्पर्धा हजाऱ्यांच्याच नावाची!

आपल्या गोव्यातही तेव्हा आयएसएलचा संपूर्ण हंगाम चालू होता. अकरा संघ, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को ही तीन मैदाने आणि प्रेक्षक शून्य. आम्ही फुटबॉलवेडे गोंयकार घरी टीव्हीसमोर! पैसा आणि हॉटेले हाताशी असली की कडे घालून खेळता येते. पण रणजीचा सामना चार दिवसांचा, संघ अडतीस आणि हंगाम काही महिन्यांचा. एवढ्या लोकांना इतके दिवस कोंडून ठेवणे सोपे नव्हते. पुढे दुसरी लाट आली आणि ४ मे २०२१ रोजी आयपीएलसुद्धा मध्येच थांबवावी लागली. म्हणून रणजी न घेणे मला चुकीचे वाटत नाही.

मला खटकते ते वेगळेच. तेव्हा रणजी खेळाडूला दिवसाला ३५ हजार रुपये मिळत. आठ सामने धरले तर ११ लाख २० हजार. आयपीएलचा करार नसलेल्या, नोकरी नसलेल्या मुलाचे वर्षाचे घर त्यावर चालते. आदल्या हंगामात खेळलेल्यांना निम्मे मानधन भरपाई म्हणून देण्याची घोषणा झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांनी. हंगाम थांबवणारे आणि त्याची किंमत मोजणारे वेगवेगळे असतात. म्हणून थांबवतानाच भरपाईही सांगायला हवी होती.

जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा लाट आली. या वेळी स्पर्धा रद्द न करता पुढे ढकलली, फेब्रुवारी ते जून अशी दोन टप्प्यांत खेळवली. करंडक जिंकला मध्य प्रदेशाने, म्हणजे जुन्या होळकर संघाच्या वारसदारांनी!

मोतीबागेतून निघताना वाटले, पुढे ढकललेला हंगाम परत येतो. पण रद्द झालेले वर्ष तिशी ओलांडलेल्या खेळाडूला कोण परत देणार?