एक बाळ, दोन नावं

गेल्या महिन्यात आमच्याकडे बाळ आलं. मुलगी. दोघीही छान आहेत. रात्रीची झोप सोडली तर माझी कशाबद्दल तक्रार नाही :)

अडलंय ते एका रिकाम्या रकान्यापाशी. जन्माची नोंद झाली, पण 'बाळाचे नाव' कोरंच आहे. तसं चालतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नावाशिवायही जन्म नोंदवता येतो, आणि पहिल्या १२ महिन्यांत नाव फुकटात घालून मिळतं. म्हणजे सरकार थांबायला तयार आहे. आई तयार नाही.

आईला 'नातालिना' हवं. ते माझ्या आजीचं नाव. आजी गेल्या वर्षी गेली. घरात येणाऱ्या पहिल्या मुलीला तिचं नाव देईन, असं आईनं तिच्या उशाशी बसून कबूल केलं होतं. बायकोला हवंय 'ओवी'. ती पण वसईचीच, पण ऑफिसात तिला अजून कोणी ना कोणी विचारतं, "तू ख्रिश्चन ना? मग मराठी एवढं चांगलं कसं काय?" माझ्या मुलीला हा प्रश्न नको, म्हणते. आता यात चूक कोण? कोणीच नाही. तिथेच तर गोची आहे.

मी आपला इंजिनियर. म्हटलं, दोन्ही ठेवू! यावर सहसा घरच्या वादात न पडणारे पप्पा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "दोन नावं नको. मी भोगलंय."

पप्पांची गोष्ट अशी. १९६६ चा जन्म. बाप्तिस्म्याचं नाव फ्रान्सिस अशोक. शाळेत घालताना फॉर्ममध्ये तीन रकाने होते: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. गुरुजींनी दाखला बघून सरळ भरले. नाव फ्रान्सिस, वडिलांचे नाव अशोक. झालं! पप्पा स्वतःचेच वडील झाले. खरे वडील (माझे आजोबा, इनास) कागदावरून गायब. पुढे नोकरीत 'फ्रान्सिस इनास', बँकेत 'अशोक इनास'. पेन्शनच्या वेळी ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं, राजपत्रात जाहिरात आणि दीड वर्ष लागलं.

लहानपणापासून मला वाटायचं की पप्पांची दोन नावं म्हणजे कोणाचा तरी घोळ असणार. यावेळी बाळाच्या बाप्तिस्म्याचं विचारायला चर्चच्या ऑफिसात गेलो, तेव्हा पप्पांच्या नोंदीचा उतारा पण मागितला. जुनी वही निघाली. एकाच ओळीत, एकाच शाईत, सुबक अक्षरात 'फ्रान्सिस अशोक'. घाईगडबड नाही, खाडाखोड नाही. ज्यानं लिहिलं त्यानं दोन्ही नावं मुद्दाम लिहिली होती. मग शनिवार-रविवार याच गोष्टीच्या मागे लागलो.

सुरुवात अर्थात पोर्तुगीजांपासून. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई त्यांना दिली. पाठोपाठ मिशनरी आले. बाप्तिस्मा घेणाऱ्याला संताचं नाव मिळायचं, आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं. डिमेलो, लोपीस, तुस्कानो आपल्याकडे आले ते असे. वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला 'कुपारी' म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं मानतात. कोंपाद्रे म्हणजे बाळाचे वडील आणि धर्मपिता यांचं आपसातलं नातं. म्हणजे आख्ख्या समाजाचं नावच बारशातून आलंय म्हणा ना!

पण नाव दिलं म्हणून जिभेनं ते जसंच्या तसं थोडंच घेतलं? सेबास्तियांवचा बस्त्याव झाला, पास्कोआलचा पास्कू, इनासियुचा इनास. वहीत एक नाव, अंगणात दुसरं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा राहिली. नंतर इंग्रज आले तसा वहीतला सेबास्तियांव हळूहळू सेबास्टियन झाला. बस्त्याव मात्र बस्त्यावच राहिला. राज्यं बदलली तसं वहीतलं नाव बदललं, हाकेचं टिकलं.

आता पप्पांची नोंद. मला सगळ्यात जास्त मजा वाटली ती इथे. कॅथलिक चर्चचा जो कायदा १९१७ साली जाहीर झाला, त्याचं कलम ७६१ याच भांडणाबद्दल आहे. धर्मगुरूंनी बाळाला ख्रिस्ती नाव मिळेल हे बघावं. आईवडील ऐकतच नसतील तर त्यांनी ठेवलेल्या नावाला एका संताचं नाव जोडावं, आणि वहीत दोन्ही लिहावीत. दोन्ही! म्हणजे घरोघरी हा वाद होणार हे रोममध्ये बसलेल्या कायदेपंडितांना माहीत होतं, आणि त्यांनी तोडगा काढला तो दुहेरी नावाचा. माझ्या आजीला अशोक हवा होता, फादरना संत हवा होता. कोणीच हरलं नाही.

तिला अशोक का सुचला असेल, याचंही उत्तर त्याच काळात आहे. १९६२ ते १९६५ रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिच्यानंतर मिस्सा लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत आली, आपल्याकडे मराठीत. देवाला मराठी कळतं हे एकदा अधिकृत झाल्यावर मुलांची नावं मराठी व्हायला कितीसा वेळ लागणार? ही परिषद जॉन तेविसावे यांनी सुरू केली आणि पॉल सहावे यांनी पूर्ण केली. १९७८ मध्ये निवडून आलेल्या पोपनी या दोघांची नावं जोडून 'जॉन पॉल' घेतलं. पोपच्या इतिहासातलं ते पहिलं दुहेरी नाव. पुढे १९८३ च्या नव्या कायद्यात संताच्या नावाची अटच गेली. ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव नको, एवढंच राहिलं.

आणि दोन नावं ही काही फक्त आमची भानगड नाही हं. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला एक नाव व्यवहाराचं आहे आणि एक पत्रिकेतलं नावरस नाव. आश्वलायन गृह्यसूत्रात तर मुंज होईपर्यंत फक्त आईवडिलांनाच ठाऊक असावं असं एक वेगळं नाव ठेवायला सांगितलंय. मराठीत दोन नावं जोडून ठेवायची पण जुनी सवय आहे: सीताराम, रामकृष्ण, राधाकृष्ण. फरक एवढाच की मधली जागा काढून टाकली, त्यामुळे फॉर्म भरताना कोणी रामाला सीतेचा बाप केला नाही :)

माझ्या मते खरी मेख इथे आहे. पप्पांना त्रास दोन नावांनी दिला नाही, मधल्या रकान्यानं दिला. युरोपात पहिलं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जागा मोकळी असते, तिथे दुसरं नाव आरामात बसतं. महाराष्ट्रात ती जागा वडिलांनी आधीच अडवलेली असते. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. (चांगलंच झालं. नऊ महिने तिनं काढले, रकाना मिळायलाच हवा.) पण आमच्या लेकीचं नाव पाच शब्दांचं होणार!

मधे जोडरेघ घालू का, हाही विचार केला. पण पासपोर्टच्या खालच्या मशीनला वाचायच्या ओळीत जोडरेघ असो की मोकळी जागा, दोन्हींचं < हेच चिन्ह होतं. नावासाठी एकूण जागा ३९. म्हणजे मशीनपुढे जोडरेघेचा उपयोग शून्य. उपयोग एकाच गोष्टीचा: पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर तेच स्पेलिंग आणि तोच क्रम. दोन्ही शब्द बाळाच्याच नावाच्या रकान्यात, दुसरा शब्द शेजारच्या रकान्यात सरकू द्यायचा नाही.

एवढं सगळं घरी सांगितलं. आईचा एक प्रश्न उरला होता, "ओवी नावाची कोणी संत आहे का?" संत नाही, पण फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्ताची कथा मराठीत लिहिली, ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत त्यात. आई थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "मग आधी नातालिना." बायको म्हणाली, "चालेल, पण हाक ओवी."

पप्पांच्या हातात मी तो उतारा दिला. साठीला आलेल्या माणसानं स्वतःची नोंद आजवर कधी नीट वाचलीच नव्हती. कोणीतरी चूक केली असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आईनं दोन्ही लिहून घेतली होती तर." एवढंच.

सोमवारी अर्धी रजा टाकून दाखल्यावर नाव घालायला जातोय. फॉर्म पप्पा भरणार आहेत. म्हणाले, रकाने मला पाठ आहेत.