पेट्रोलची वाट

जुन्या मोटारीचे अस्सलपण आपण डोळ्यांनी मोजतो: मूळ रंग, मूळ मडगार्ड, मूळ दिवे. टाकीपासून नळी, काचेची वाटी, ‘एसी’ बनावटीचा इंधनपंप आणि कार्बोरेटरच्या जेटपर्यंत जाणारी पेट्रोलची वाट कोणी पाहत नाही, आणि गाडी मरते ती बहुधा तिथेच. या वाटेतले रबर, वायसर, डायफ्राम बदलले की गाडी बाटली, अशी अनेक मालकांची समजूत आहे. इतिहास या समजुतीच्या विरोधात साक्ष देतो. मिळेल त्या इंधनाप्रमाणे आणि हवेप्रमाणे ही वाट सतत बदलत आली आहे.

आमच्या जालन्याचेच उदाहरण घ्या. जालना 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या रेल्वे खात्याने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. दहा वर्षांतच महायुद्धामुळे पेट्रोल रेशनवर आले आणि देशभर बसच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या चढल्या; अख्खी इंधनव्यवस्था बदलली, इंजिन मात्र तेच राहिले. पुढे विलिज जीप, सोलेक्सवाली फियाट, एसयू कार्बोरेटरची अँबेसिडर आली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे, तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळणे हा सर्वमान्य उपाय होता. कारखान्याच्या पुस्तकाइतकेच महत्त्व मी या फडक्याला देतो. 2000 मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तोही बदल या गाड्यांनी पचवला.

आता पेट्रोलपंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुन्या टाकीला आतून गंज चढवते, रबर फुगवते आणि वर्षानुवर्षे चिकटलेला गाळ सोडवून जेटमध्ये आणून बसवते. त्याला जळायला हवाही कमी लागते. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. यावर कोणी म्हणेल, मग इथेनॉलच नको. ते मला पटत नाही. ज्यांपासून इथेनॉल बनते ते ऊस आणि मका दोन्ही पिकवणाऱ्या या जिल्ह्याने मूठभर गाड्यांसाठी शेतकऱ्याच्या मालाची मागणी नाकारणे न्यायाचे नाही. गाडीनेच जुळवून घ्यावे: इथेनॉल सोसणारी नळी, नवा डायफ्राम, किंचित मोठा जेट.

दुसरा आक्षेप कायद्याचा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल तरच तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. पण नियमांचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांवर आहे. झिजणारी नळी त्यात येत नाही. कार्बोरेटर काढून आधुनिक इंजेक्शन बसवणे मात्र मी अमान्य करतो, कारण तिथे गाडीची श्वास घेण्याची रीतच बदलते आणि फ्लोटची पातळी कानाने व बोटाने जुळवणाऱ्या मिस्त्रीची विद्याही निरुपयोगी ठरते. ही विद्या पुस्तकात फारशी उतरलेली नाही. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ती अशा मिस्त्रीकडेच न्यावी, शेजारी एखादा तरुण हात शिकायला बसवावा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर आधी रिकामे करावेत.