हजेरी आणि शाळा

बारामतीहून इंदापुरास जातांना अंथुर्णें लागतें. नीरेच्या डाव्या कालव्यानें या टापूस ऊंस दिला, साखर दिली. फांसेपारध्याच्या वांट्यास मात्र गांवकुसाबाहेरचें पालच राहिलें. त्याचें मूल शाळेंत कां रमत नाहीं, असें आम्हां शिक्षकांस लोक विचारतात. उत्तर जुन्या कायद्यांत आहे. १८७१ सालीं उत्तरेकडील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. १८९७ च्या दुरुस्तीनें चार ते अठरा वर्षांचे मुलगे आईबापांपासून तोडून सुधारगृहांत ठेवण्याची मुभा सरकारास मिळाली. १९११ नंतर हा फांस मुंबई इलाख्यांतही आवळला, आणि सोलापुरास तारेच्या कुंपणाआंत शाळा निघाली! अशा शाळेचें भय वाटावें यांत नवल तें काय? दवाखान्यांतही प्रथम नांवगांवच विचारतात; मग बाळंतपण पालांतच उरकावेंसें वाटलें, तर आम्ही त्यास अडाणीपणा म्हणणार नाहीं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला. २००९ च्या कायद्यानें दाखल्यावांचून शाळेंत प्रवेशही मिळतो. पण शिष्यवृत्ति जातीच्या दाखल्यापाशीं अडते, त्यास १९५० पूर्वींचा पुरावा लागतो. आणि भटक्या आजोबांचें नांव तेव्हां कोठें लिहिलेलें असलेंच, तर तें पोलिसांच्या हजेरीवहींत.