चाळीस तासांचे नेपथ्य

नेपथ्याचा इतिहास शिकवताना आपण ग्रीक रंगभूमीवरून शेक्सपिअरकडे येतो आणि तेथून, मधले बरेच काही ओलांडून, आपल्या पडद्यांच्या नाटकांकडे वळतो. या वाटेत एक मोठे दालन न उघडताच राहते. सतराव्या शतकात युरोपातील काही अत्यंत कसबी नेपथ्य नाटकगृहात नव्हे, तर चर्चच्या वेदीपुढे उभे राहत होते. तेथे नट नव्हते, संवाद नव्हते. प्रेक्षक गुडघे टेकून बसलेले असत. या नेपथ्याला नाट्येतिहासात जागा द्यावी की धर्मेतिहासात, हा प्रश्न आम्हाला वाटतो तितका तांत्रिक नाही.

या प्रथेचे मूळ ‘चाळीस तासांच्या प्रार्थने’त आहे. ख्रिस्ताचे शरीर कबरीत चाळीस तास होते असे परंपरा मानते. त्या स्मरणार्थ पवित्र प्रसाद वेदीवर मांडून अखंड आराधना करायची, असे तिचे स्वरूप. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मिलानमध्ये रुजली. 1592 मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांनी रोममधील चर्चनी ती पाळीपाळीने, खंड न पडता चालवावी अशी व्यवस्था लावून दिली. जेझुइटांनी तिचा आणखी एक उपयोग ओळखला. उपवासकाळापूर्वीच्या कार्निव्हलमध्ये गावेच्या गावे सोंगे, मुखवटे आणि प्रहसने यांत बुडालेली असत. 1556 मध्ये माचेराता या गावी त्यांनी एका अश्लील नाटकाच्या विरोधात ही आराधना उभी केली. पुढे कार्निव्हलचे दिवस हेच तिचे दिवस ठरले. तमाशाला उत्तर म्हणून प्रवचन पुरत नाही, दुसरे काही डोळ्यांपुढे उभे करावे लागते, हे त्यांना पुरते उमगले होते. (फादर स्टीफन्स याच संघाचे. 1575 मध्ये ते रोममध्ये संघात दाखल झाले, आणि पुढे गोव्यात पुराणाच्या घाटात ख्रिस्तकथा रचताना त्यांनीही समोरच्या श्रोत्याची सवय आधी ओळखली होती.)

1628 मध्ये बर्निनीने व्हॅटिकनच्या पाउलीन चॅपेलमध्ये या प्रसंगासाठी स्वर्गाच्या वैभवाचा देखावा रचला. ढगांमागे दोन हजारांहून अधिक दिवे लपवले होते, असे तत्कालीन वार्तापत्र सांगते. प्रकाश दिसावा, दिवा दिसू नये, ही त्यातली खरी युक्ती. श्रद्धेच्या भाषेत हे अनुग्रहाचे रूपक होते. सुताराच्या भाषेत ती फळीमागची खाच होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि समीक्षकाने त्यांतले एक निवडण्याची घाई करू नये असे आमचे मत आहे. मात्र त्याच चॅपेलच्या भिंतींवर मायकेलअँजेलोची दोन भित्तिचित्रे आहेत, आणि अशा दिव्यांच्या काजळीने ती पिढ्यान्‌पिढ्या काळवंडत गेली. चाळीस तासांच्या शोभेचा खर्च असाही असतो.

या कलेचा शास्त्रकार म्हणजे आंद्रेआ पोत्सो. जन्म त्रेंतो येथे, 1642 मध्ये. 1665 मध्ये तो जेझुइट संघात गेला; पुरोहित म्हणून नव्हे, सेवक-बंधू म्हणून. 1685 मध्ये रोमच्या जेझू चर्चमध्ये त्याने काना गावच्या लग्नाचा देखावा उभा केला. एकामागून एक उभ्या केलेल्या रंगीत चौकटी, प्रत्येकीवर कमानी आणि खांबांचा काही भाग. योग्य जागेवरून पाहिले की सारे तुकडे जुळून एकच भव्य प्रासाद दिसावा. चौकटींच्या आडोशाला दिवे. वेदीच्या जागेवर जणू एक नगर उघडले आहे असा भास. पोत्सोच्या यथार्थदर्शनावरील ग्रंथाचा पहिला खंड 1693 मध्ये निघाला आणि त्यात या देखाव्याचे कोरीव चित्र आहे. चित्र चौकोनांच्या जाळीवर कसे मांडावे आणि ते मोठ्या कॅनव्हासवर कसे उतरवावे, हे तो शिकवतो.

पुनर्वापराचा पहिला अर्थ येथे लागतो. लाकूड मोडले, कापड विरले, पण आकृती छापली गेली आणि ती कोणाही गावच्या सुताराला वापरता येऊ लागली. 1707 मध्ये ग्रंथ इंग्रजीत आला. 1729 मध्ये चीनमध्ये न्यान शियाओने यथार्थदर्शनावर जे पुस्तक काढले तेही पोत्सोवर आधारलेले होते. रोमच्या एका चर्चमध्ये काही दिवस उभे राहिलेले नेपथ्य असे दोन खंडांत पसरले.

दुसरा अर्थ अधिक ठोस आहे. तात्पुरती वस्तू कधी कधी निघतच नाही. इटलीतील मोंदोवी येथे संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाच्या चर्चमध्ये (ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे तेच झेवियर) पोत्सोने लाकूड आणि कॅनव्हास यांची वेदी रचली. ती आजही उभी आहे. रोमच्या संत इग्नेशियस चर्चला खरा घुमट बांधला गेलाच नाही. 1685 मध्ये पोत्सोने कॅनव्हासवर घुमट रंगवून वर चढवला. हे नेपथ्यच, फक्त न उतरवलेले. सपाट कापडाखाली उभे राहून खोल घुमट पाहणाऱ्याला आपण फसतो आहोत हे ठाऊक असते आणि तरी मान वरच राहते.

तिसरा अर्थ मात्र आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि इतिहासग्रंथ त्याकडे सर्वांत कमी पाहतात. रोमचे देखावे सरदार आणि कार्डिनल यांच्या पैशावर उभे राहत. त्यांची वर्णने छापली जात, आणि त्या वर्णनांत स्तुती किती आणि माहिती किती हे वेगळे करणे कठीण असते. आल्प्सच्या पलीकडील गावांना दर वर्षी नवे काही परवडणारे नव्हते. तेथे पवित्र सप्ताहात ख्रिस्ताच्या कबरीचा देखावा मांडत. सण सरला की चौकटी उतरवून ठेवत आणि पुढच्या वर्षी पुन्हा जोडत. टिरोलमध्ये रंगीत पाण्याने भरलेले काचेचे गोळे आणि त्यांमागे दिवे, अशी रोषणाई असे. 1780 च्या दशकात सम्राट दुसरा जोसेफ याने असल्या देखाव्यांवर बंदी घातली. विवेकाच्या नावाने केलेली ती बंदी गावकऱ्यांना पटली नाही. कित्येक ठिकाणी चौकटी लपून राहिल्या आणि पुढे परत बाहेर आल्या.

जर्मनीतील नॉयझेले मठात 1751 च्या सुमारास केलेले दुःखभोगाचे देखावे या दृष्टीने पाहावेत. पार्श्वभूमी मोजक्याच; त्यांच्यापुढे फळ्यांवर रंगवलेल्या आकृती बदलत जायच्या आणि त्याच जागी नवा प्रसंग उभा राहायचा. हा पुनर्वापर टंचाईतून सुचला असेल, पण त्याचा परिणाम टंचाईचा नव्हता. तीच कमान आज एका प्रसंगाची साक्षी, उद्या दुसऱ्या. दर वर्षी तेच पाहणाऱ्या भाविकाला कथेची उत्सुकता नव्हतीच. ओळखीची खूण पुन्हा भेटणे हेच त्याचे पाहणे होते. नाटकाचा प्रेक्षक आणि हा भाविक यांच्यातला फरक आम्ही येथे मानतो, नेपथ्याच्या कारागिरीत नव्हे.

1817 मध्ये प्रशियाने तो मठ बंद केला. देखावे पुढे काही काळ वापरात राहिले आणि मग विसरले गेले. 1990 च्या दशकात ते चर्चच्या मनोऱ्यात सापडले. 2015 पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. रंग उडू नयेत म्हणून तेथे प्रकाश मंद ठेवतात, आणि एका वेळी मोजकीच दृश्ये मांडतात.